१३५ अंशांचा हूक

आरसीसी कॉलममध्ये उभ्या सळया आवळून धरण्यासाठी ठरावीक अंतरावर रिंगा बांधतात. आठ मिलिमीटरची सळई चौकोनात वाकवली की तिची दोन टोकं एका कोपऱ्यात भेटतात. ती टोकं नुसती काटकोनात वळवून सोडायची, की आणखी वाकवून कॉलमच्या पोटात घुसवायची, एवढाच प्रश्न असतो. आयएस १३९२० हे भारतीय मानक त्याचं उत्तर देतं: हूक १३५ अंशांचा हवा, आणि वळणानंतर सळईच्या व्यासाच्या सहापट, पण ६५ मिलिमीटरपेक्षा कमी नाही, इतकी सरळ शेपटी हवी. भूकंपात इमारत मागेपुढे हलू लागली की सळयांच्या बाहेरचं काँक्रीट, म्हणजे कव्हर, आधी सुटून पडतं. काटकोनातल्या हुकाची शेपटी नेमकी त्या कव्हरमध्येच असते. कव्हर गेलं की हूक उघडतो, रिंग सैल पडते, उभ्या सळया बाहेर फुगतात आणि आतलं काँक्रीट भुगा होऊन निसटतं.

सिव्हिल शाखेच्या प्राध्यापकाला हे तोंडपाठ असतं. तो फळ्यावर कॉलमचा छेद काढतो, हूक आत वळवून दाखवतो, परीक्षेत विचारतो, आणि मुलंही बरोबर आकृती काढून मार्क घेतात. तीच मुलं वर्षभरात साईट इंजिनिअर म्हणून कॉलमसमोर उभी राहतात, तेव्हा समोरच्या बऱ्याच रिंगा काटकोनातल्या असतात.

का असतात, हे फिटरला विचारावं. त्याचं उत्तर सरळ असतं. त्याचा दर टनावर ठरलेला आहे. फळीवर ठोकलेल्या खुंट्यांमध्ये सळई घालून काटकोन मारायला एक झटका पुरतो, १३५ला हात पुन्हा फिरवावा लागतो, आणि दिवसाला शेकडो रिंगा मारायच्या असतात. शिवाय दोन्ही टोकं आत वळलेली रिंग उभ्या सळयांवरून खाली सरकवताना अडकते. जिथे लॅप आलाय आणि सळया दुप्पट झाल्यात, तिथे तर फारच. सगळ्यात अवघड जागा म्हणजे बीम आणि कॉलम मिळतात तो जॉइंट. बीमचा पिंजरा सेंटरिंगच्या वर उचलून बांधतात आणि मग खाली सोडतात. तो एकदा बसला की जॉइंटमध्ये अख्खी रिंग घालायला वाटच राहत नाही. तिथल्या रिंगा बीम विणतानाच जागेवर घालाव्या लागतात. हे आदल्या दिवशी ठरलं नसेल, तर स्लॅब चेकिंगला आलेल्या आरसीसी कन्सल्टंटने कितीही बोट दाखवलं तरी हात आत जात नाही. मग पंपवाला खोळंबलाय, गाड्या निघाल्यात, पुढच्या स्लॅबला नक्की करू, असं म्हणत काँक्रीट ओतलं जातं. भूकंपात जॉइंट हा इमारतीचा सगळ्यात नाजूक भाग, आणि रिंगा सगळ्यात कमी तिथेच.

म्हणजे ती रिंग का असावी हे वर्गातल्या माणसाला माहीत आहे, आणि ती का नसते हे साईटवरच्या माणसाला. दोघांपैकी कुणीही अडाणी नाही. अडचण अशी की दोघांची ओळख नाही, आणि विद्यार्थी एकाकडून शिकून दुसऱ्याकडे नोकरीला जातो.

आपल्याकडे सुरुवात अशी झालीच नव्हती. १८४७मध्ये रुरकीला कॉलेज निघालं ते गंगा कालव्यासाठी. कालवा खोदायला, सोलानी नदीवरून पाणी पलीकडे नेणारा जलसेतू बांधायला माणसं हवी होती, आणि ती विलायतेतून आणून पुरणार नव्हती. काम कॉलेजच्या दारात चाललं होतं. साईट व्हिजिट हा वेगळा प्रकार असण्याचं कारणच नव्हतं. पुण्यात जुलै १८५४मध्ये भवानी पेठेतल्या तीन छोट्या घरांत ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ सुरू झालं. सार्वजनिक बांधकाम खात्याला दुय्यम दर्जाचे अधिकारी मिळावेत हा त्याचा उघड हेतू. पुढे त्याचंच पुणे अभियांत्रिकी महाविद्यालय झालं. १८६५मध्ये तिथे प्राचार्य म्हणून आले थिओडोर कुक. मराठी वाचकाला हे नाव माहीत असलंच तर मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवरच्या त्यांच्या ग्रंथामुळे. पण कुक मूळचे रेल्वेचे इंजिनिअर. बीबीसीआय रेल्वेसाठी वसईचा लोखंडी पूल बांधून ते शिकवायला आले होते. खाडीच्या चिखलात पाया घेताना काय होतं, हे त्यांना पुस्तकातून सांगावं लागत नव्हतं. त्यांच्याच काळात पुण्यात शिकलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८३मध्ये पहिले आले, पुढच्या वर्षी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नाशिकला रुजू झाले, आणि १९०३मध्ये खडकवासल्याला त्यांचे स्वयंचलित दरवाजे बसले. ही प्रतिभा कॉलेजने घडवली असा दावा करण्यात अर्थ नाही. पण शिकवणारे, नोकरी देणारे आणि बांधणारे एकाच वर्तुळात वावरत होते, एवढं खरं.

ते वर्तुळ हळूहळू सुटत गेलं आणि महाराष्ट्रात १९८३नंतर झपाट्याने सुटलं. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. त्या धोरणाला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यातला नाही. तालुक्याच्या गावातली मुलं इंजिनिअर झाली ती त्यामुळेच, नाहीतर कर्नाटकात जाऊन देणगी भरावी लागायची. पण एका दमात इतकी कॉलेजं निघाली की शिकवणार कोण, हा प्रश्न उभा राहिला. ज्यांनी गेल्या वर्षी बी.ई. केलं तेच यंदा लेक्चरर झाले. पुढे एम.ई. आणि मग पीएच.डी.ची अट आली, ती योग्यच होती. पण त्या शिडीच्या एकाही पायरीवर ‘साईटवर किती वर्षं काढली’ असं कुणी विचारत नव्हतं. हुशार मुलगा शाळेतून कॉलेजात, कॉलेजातून एम.टेक.ला आणि तिथून थेट स्टाफरूममध्ये पोचला, की त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं बांधकाम म्हणजे त्याने स्वतःच्या घरावर चढवलेला मजला असू शकतो.

गंमत म्हणजे त्याच १९८३ साली बांधकाम कंपन्यांच्या पुढाकाराने निकमार ही संस्था निघाली, जिचं मुख्य केंद्र पुढे पुण्यात नावारूपाला आलं. पदवीधर इंजिनिअरला बांधकामाचं व्यवस्थापन येत नाही, तर ते आपणच शिकवावं, असा कंपन्यांचा विचार. टेंडर, करार, कामाचं वेळापत्रक, यंत्रसामग्रीचा हिशेब या गोष्टी तिथे अभ्यासक्रमाच्या मध्यभागी आल्या. उद्योगाने शिक्षणात उतरण्याचा हा मार्ग चांगलाच यशस्वी झाला. पण तो पदवीनंतरचा आणि निवडक मुलांसाठीचा. बाकीच्यांचं काय, हा प्रश्न जिथल्या तिथे राहिला.

या दुराव्याची किंमत २६ जानेवारी २००१ला दिसली. भूजच्या भूकंपाचं केंद्र अहमदाबादपासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर होतं, तरी अहमदाबादेत बहुमजली इमारती पडल्या. तळमजल्यावर पार्किंगसाठी नुसते कॉलम, वर भिंतींनी भरलेले मजले, आणि कॉलममध्ये काटकोनात वळवलेल्या, दूरदूर बांधलेल्या रिंगा. आयएस १३९२० मात्र १९९३पासून छापील स्वरूपात विकत मिळत होतं. त्याच वर्षी ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीला जमीन हादरली होती. तिथे माणसं दगड-मातीच्या जाड भिंतींखाली आणि माळवदांखाली गाडली गेली, त्यामुळे आरसीसीचा प्रश्न तेव्हा चर्चेच्या कडेलाच राहिला. सिमेंटचं घर म्हणजे सुरक्षित घर, असाच धडा अनेकांनी घेतला. तो गैरसमज भूजने मोडला.

त्यानंतर जे घडलं ते आपल्या तंत्रशिक्षणातल्या शहाण्या निर्णयांपैकी एक आहे, आणि त्याची म्हणावी तशी वाच्यता झालेली नाही. केंद्र सरकारने २००३मध्ये भूकंप अभियांत्रिकी शिक्षणाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. आयआयटी आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत देशभरच्या अभियांत्रिकी, पॉलिटेक्निक आणि वास्तुकलेच्या शिक्षकांना बोलावून भूकंपरोधक बांधकाम शिकवलं गेलं. विद्यार्थ्यांच्या अभ्यासक्रमात एक पेपर वाढवून मोकळं होता आलं असतं. त्याऐवजी आधी शिक्षकाला शिकवायचं ठरलं. पुढे गृह मंत्रालयाच्या एका कार्यक्रमात प्रत्यक्ष व्यवसाय करणाऱ्या इंजिनिअरांसाठी असंच प्रशिक्षण आखलं गेलं आणि त्यात अभियांत्रिकी कॉलेजांना केंद्रं म्हणून घेतलं. कालपरवा स्वतः शिकून आलेला प्राध्यापक आता पंचवीस-तीस वर्षं डिझाइन करणाऱ्या माणसापुढे उभा, आणि समोरून प्रश्न येतो: ‘सर, हे सगळं मान्य, पण नऊ इंचाच्या कॉलममध्ये हे बसवायचं कसं? आर्किटेक्ट भिंतीबाहेर कॉलम काढू देत नाही.’ हा प्रश्न पुस्तकात नाही, आणि महाराष्ट्रातल्या निम्म्या इमारतींचं डिझाइन या एका प्रश्नाभोवती फिरतं. मुद्दाम अतिशयोक्ती करतोय, पण फार नाही.

आता एरवी कॉलेज आणि उद्योग यांची भेट कशी होते ते पाहू. कॉलेजात ‘इंडस्ट्री-इन्स्टिट्यूट इंटरॅक्शन सेल’ असतो. मोठ्या कंपनीच्या प्रोजेक्ट मॅनेजरला व्याख्यानाला बोलावतात. तो तासभर स्लाइड दाखवतो. त्यात कंपनीचे पूल, बोगदे, टॉवर, आणि शेवटी ‘ऑल द बेस्ट’. शाल-श्रीफळ होतं, समूहफोटो निघतो, सामंजस्य करारावर सह्या होतात आणि तो फोटो मानांकनाच्या, म्हणजे एनबीए-नॅकच्या, फाइलमध्ये जातो. या तासभरात विषय शिकवणारा प्राध्यापक पहिल्या रांगेत बसून पाहुण्यांच्या चहाची व्यवस्था बघत असतो. औद्योगिक भेटीची तऱ्हाही तीच. साठ मुलांची बस साईटवर जाते, हेल्मेट वीसच असतात, सेफ्टी ऑफिसर धास्तावलेला, आणि मुलांना दिसतो तो तयार झालेला स्लॅब. खरं शिक्षण होतं काँक्रीट पडण्याच्या आदल्या संध्याकाळी, आणि त्या वेळी बस परत कॉलेजात पोचलेली असते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची वाट खुली केली. आपल्या क्षेत्रात किमान १५ वर्षं मुरलेल्या माणसाला पीएच.डी.शिवाय शिकवायला घेता येतं. मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत अशा नेमणुका करता येतात, आणि एरवी मुदत तीन वर्षांची. कल्पना चांगली आहे. पण तिच्यात वाहतूक एकाच दिशेने आहे: साईटवरचा माणूस वर्गात येणार. आणि ज्या दर्जाचा माणूस यावा असं वाटतं, त्याला कॉलेज देऊ शकेल तो पगार त्याच्या गाडीच्या डिझेललाही पुरत नाही. निवृत्तीनंतर हौसेने येणारे काही उत्तम शिकवतात, काही आठवणी सांगतात. चांगला अभियंता म्हणजे चांगला शिक्षक, हेही गृहीत धरता येत नाही. तीस वर्षं जे हाताने केलं ते विशीच्या मुलाला टप्प्याटप्प्याने समजावणं हे वेगळंच कसब आहे. ते कसब ज्याच्याकडे आधीच आहे, त्या प्राध्यापकालाच साईटवर धाडणं मला जास्त फायद्याचं वाटतं.

जर्मनीत उपयोजित विज्ञानांच्या उच्चशिक्षण संस्थांमध्ये प्राध्यापक व्हायचं तर डॉक्टरेटसोबत पाच वर्षांचा व्यावसायिक अनुभव लागतो, आणि त्यातली किमान तीन वर्षं विद्यापीठाच्या बाहेरची असावी लागतात. आपल्याकडे ही अट उद्या घातली तर परवा अर्धी पदं रिकामी पडतील, त्यामुळे ती तशीच उचलून चालणार नाही. अमेरिकेतली एक प्रथा मात्र आपल्याला सहज पेलण्यासारखी आहे. तिथल्या बांधकाम शिक्षणसंस्थांची एक संघटना १९६५पासून आहे, आणि तिच्या काही विभागांच्या विद्यार्थी स्पर्धा नेवाडा राज्यातल्या रीनो शहरात भरतात. कंपन्या स्वतःच्या खऱ्या प्रकल्पांची कागदपत्रं मांडतात. विद्यार्थ्यांच्या गटाने एका लांबलचक दिवसात नकाशे वाचून, अंदाजपत्रक आणि वेळापत्रक तयार करून निविदा द्यायची, आणि दुसऱ्या दिवशी त्याच कंपनीच्या माणसांसमोर ती मांडायची. शेवटी कंपनी सांगते की प्रत्यक्षात तिने ते काम कसं केलं. मला यातला शेवटचा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण तो ऐकायला मुलांसोबत त्यांचे शिक्षकही असतात. दरसाल नवा प्रकल्प, दरसाल त्याचं खरं उत्तर. दहा वर्षं मुलांना घेऊन जाणाऱ्या शिक्षकाकडे किती शिदोरी जमत असेल!

आपल्याकडे याच्या सगळ्यात जवळचा प्रयोग पिलानीच्या बिट्सचा आहे. १९७३मध्ये तिथे ‘प्रॅक्टिस स्कूल’ सुरू झालं. विद्यार्थी दुसऱ्या वर्षानंतरची उन्हाळी सुट्टी, आणि शेवटच्या वर्षात जवळजवळ अख्खं सत्र उद्योगात काढतो. मुलांना इंटर्नशिपला सगळेच पाठवतात. तिथलं वेगळेपण असं की संस्थेचा प्राध्यापकही त्या केंद्राशी बांधलेला असतो, मुलांच्या कामाचं मूल्यमापन तिथेच करतो. शिक्षक सोबत नसला की इंटर्नशिप म्हणजे काय होतं, ते कुठल्याही साईटवर दिसतं: मुलगा महिनाभर सावलीत बसून फोनवर असतो, आणि शेवटच्या दिवशी सुपरवायझर प्रमाणपत्रावर शिक्का मारतो.

आता एक अशी जागा, जिथे आपल्याकडे वर्ग आणि साईट आजही रोज भेटतात आणि त्याचा कुणी शिकवण्यासाठी उपयोग करत नाही. ती म्हणजे कॉलेजची मटेरियल टेस्टिंग लॅब. जिल्ह्यातली सरकारी कामं, बिल्डरांच्या इमारती, रस्ते, सगळ्यांचे क्यूब, म्हणजे काँक्रीटचे नमुन्याचे ठोकळे, दाबायला तिथे येतात. मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींना महापालिका कायद्याने स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं आहे. तशी कामं कॉलेजांकडेही येतात. अंधाऱ्या जिन्याखाली गंजलेली सळई, प्लास्टरवर प्लास्टर चढवून दडवलेली भेग, गच्चीवर बेकायदा बसवलेली पाण्याची टाकी हे सगळं प्राध्यापक डोळ्यांनी बघतो. मग अहवाल टाइप होतो, फी जमा होते, आणि सोमवारी वर्गात पुन्हा पुस्तकातलंच उदाहरण सोडवलं जातं.

समजा, एम ३० काँक्रीटचे २८ दिवसांचे क्यूब फेल गेले. २८ दिवस म्हणजे आजच्या वेगात वर दोन-तीन मजले चढलेले असतात. ठेकेदार हादरतो, कन्सल्टंट फोन उचलत नाही, साईट इंजिनिअर रजिस्टर घेऊन लॅबमध्ये येतो. इथे प्राध्यापकाकडे खरोखर देण्यासारखं काही आहे. आयएस ४५६ सांगतं की प्रत्यक्ष कॉलम-बीममधून किमान तीन कोअर, म्हणजे काँक्रीटचे दंडगोल नमुने, काढा. त्यांची सरासरी त्या दर्जाच्या अपेक्षित ताकदीच्या ८५ टक्के भरली आणि एकही कोअर ७५ टक्क्यांखाली गेला नाही, तर काँक्रीट स्वीकारता येतं. म्हणजे ३० मेगापास्कलच्या एम ३०साठी सरासरी २५.५ आणि तळाचा आकडा २२.५. नऊ इंचाच्या कॉलममध्ये कोअर कुठे घ्यायचा की सळई कापली जाणार नाही, हे मात्र साईटवरचा माणूस आणि त्याचा रिबार लोकेटर ठरवणार. आणि क्यूब फेल गेले तरी कोअर पास का झाले, याचं उत्तर कित्येकदा असं निघतं की काँक्रीट ठीकच होतं. क्यूब भरणाऱ्या पोऱ्याने ते नीट ठोकले नव्हते, किंवा पहिली रात्र उघड्यावर उन्हापाण्यात ठेवले होते. या एका प्रकरणात मानक, संख्याशास्त्र, कारागिरी, करार आणि माणसांचा स्वभाव असं सगळं आहे. दोन तासिका सहज रंगतील.

त्या का होत नाहीत? कारण ठेकेदाराला फेल गेलेल्या क्यूबची वाच्यता नको असते. त्याचं बरोबरच आहे. बिल अडकतं, फ्लॅट विकायचे असतात. नाव, गाव, इमारत काढून टाकून नुसते आकडे आणि फोटो शिकवायला वापरण्याची परवानगी फीच्या पावतीवरच एका ओळीत घेतली, तर बहुतेक जण सही करतील असा माझा अंदाज आहे. डॉक्टर वर्षानुवर्षं रुग्णाचं नाव झाकून त्याच्या आजारावर विद्यार्थ्यांना शिकवतात आणि त्यावर कुणाचा आक्षेप नसतो.

दुसरी अडचण वेळेची आणि पैशाची. मे महिन्यात कॉलेजं रिकामी असतात, आणि पावसाच्या आत स्लॅब टाकण्यासाठी साईटवर माणूस कमी पडत असतो. त्या महिन्यात प्राध्यापकाने साईटवर जावं, पण पाहुणा म्हणून नव्हे. त्याच्या गळ्यात काम पडलं पाहिजे: बार बेंडिंग शेड्यूल तपासणं, स्लॅबच्या आधीची चेकलिस्ट भरून तिच्यावर सही करणं, आरएमसीच्या गाडीचं चलन बघून स्लम्प घेणं, म्हणजे काँक्रीटचा पातळपणा मोजणं, आणि ‘थोडं पाणी मारा’ म्हणणाऱ्या पंपवाल्याला नाही म्हणणं. सही करायची म्हटलं की माणूस वेगळ्या नजरेने बघतो. महिन्याचा पगार कॉलेज देतच असतं. राहण्या-जेवण्याचा आणि विम्याचा खर्च ठेकेदाराने उचलायचा. बदल्यात त्याला असा एक माणूस मिळतो जो नऊ इंचाच्या कॉलमचा जॉइंट आधी कागदावर मोठ्या मापात काढून, कुठली रिंग कधी घालायची हे फिटरसोबत बसून ठरवू शकतो. छोट्या ठेकेदाराकडे असा माणूस कधीच नसतो, आणि जिल्ह्याच्या गावातली बहुतेक घरं छोटे ठेकेदारच बांधतात. सुरुवात मोठ्या कंपन्यांच्या दारात न करता त्यांच्यापासून करावी, असं मला वाटतं. त्यांचे क्यूब घेऊन येणारा पोऱ्या तसाही दर आठवड्याला कॉलेजच्या लॅबमध्ये असतो. निरोप त्याच्याच हाती देता येईल.